क्लेमेंटीचा गोलकीपर

तुमचा मुलगा काय करतो, असं कोणी विचारलं की सुलेखा मोडकला दोन वाक्यं बोलावी लागत. पहिलं, तो बर्फावर हॉकी खेळतो. आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं, नाही हो, चेष्टा नाही करत. सिंगापूरला बारा महिने अंगाला घाम. तिथल्या माणसाने बर्फावर पोट भरायचं म्हणजे ऐकणाऱ्याला हसू येणारच, आणि सुलेखाला त्याचा कधी राग आला नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती स्वतःही हसली होती.

मोडक कुटुंब एक्याऐंशी साली पुण्याहून आलं. अभय मोडक एका शिपिंग कंपनीत होता, कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला कधी लागेल याची आखणी करायचा. सुलेखा घराजवळच, सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. मुलगा यशोधन सिंगापूरलाच जन्मला, तिथल्याच शाळेत गेला, आणि आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला तिथल्या इतर मुलांसारखाच शिकला. तो दहा वर्षांचा असताना वर्गातल्या एका मुलाने वाढदिवस जुरोंगला केला. तिथे एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं छोटं मैदान होतं. यशोधनला स्केट घालून उभंच राहता येईना, म्हणून पोरांनी त्याला गोलच्या जाळीला धरून उभं केलं आणि म्हणाली, तू हलू नकोस. तो हलला नाही. कोणीतरी मारलेली पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, सरळ त्याच्या पोटावर येऊन आदळली आणि खाली पडली. गोल झाला नाही. पोरांनी आरडाओरडा केला. घरी आल्यावर शर्ट वर करून त्याने आईला लाल वळ दाखवला आणि म्हणाला, "आई, आय स्टॉप्ड इट!"

सुलेखाने वळावर तेल लावलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा जायचं म्हणाला, त्याच्या पुढच्याही. गोलकीपर व्हायला कोणीच तयार नसायचं, त्यामुळे त्याची जागा पहिल्या दिवसापासून पक्की होती.

या मैदानावर रविवारी सकाळी सात वाजता, लोकांसाठी उघडायच्या आधी, मुलांना शिकवायला ओलावी नावाचा माणूस यायचा. फिनलंडचा इंजिनिअर, शिपयार्डात मोठाल्या क्रेन बसवायला आलेला. मुळात त्याने हे सुरू केलं ते स्वतःच्या दोन मुलांसाठी. मुलं शिकायला मायदेशी परत गेली, हा मात्र इथल्या पोरांसाठी राहिला. त्याच्या तोंडून दिवसाला वीस शब्द निघाले तर खूप. यशोधनला पहिली दोन वर्षं त्याने एकच गोष्ट शिकवली. खाली पड, उठ. खाली पड, उठ. पोरगा घरी येऊन हॉलमध्ये लादीवरही तेच करायचा आणि खालच्या मजल्यावरचे लोक लिफ्टमध्ये सुलेखाकडे विचित्र नजरेने बघायचे.

दोन हजार सालापर्यंत यशोधन सतरा वर्षांचा आणि सहा फुटांना दोन इंच कमी असा झाला होता. त्याच्याबरोबर त्याचं सामानही वाढलं. पायांचे पॅड उशांएवढे जाड, छातीचं चिलखत, दोन वेगवेगळे हातमोजे, मुखवटा. हे सगळं घामाने चिंब होऊन बॅगेतून घरी यायचं आणि सिंगापूरच्या दमट हवेत तासाभरात असं काही सुटायचं की अभय पेपर घेऊन बेडरूममध्ये जायचा आणि दार लावून घ्यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूच्या काठ्या होत्या, पण अकराव्या मजल्यावरून असला बोजा खाली पडला तर कोणाच्या तरी डोक्यात जायचा. मग सुलेखा सगळं सामान कॉरिडॉरमध्ये मांडायची.

शेजारच्या गोह आंटींनी सहा महिने सोसलं. विधवा बाई, साठी उलटलेली, एकटी राहणारी. एका रविवारी त्या दार उघडून बाहेर आल्या, नाकाला रुमाल लावून पॅडजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्यो, व्हॉट डाय इनसाइड, अह?"

सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माफी मागायला लागली, उद्यापासून आत ठेवते म्हणाली. गोह आंटी तिच्याकडे न बघता वर बघत होत्या. मग त्यांनी कॉरिडॉरचं छत दाखवलं. इथे ऊन कुठे येतंय? तुझ्या बाजूला ऊनच नाही. माझ्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन येतं, तीन तास, कडक. "यू ब्रिंग माय साइड," त्या म्हणाल्या, आणि पॅडची एक जोडी स्वतःच उचलून आत घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून साडेतीन वर्षं यशोधनचं चिलखत गोह आंटींच्या मागच्या खोलीत, त्यांच्या नवऱ्याच्या तसबिरीसमोर वाळलं. आंटींनी त्यावर व्हिनेगर शिंपडायची युक्तीही काढली. सुलेखा दर रविवारी संध्याकाळी काहीतरी घेऊन जायची, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, कधी नुसती फळं. आंटींना खिचडी अजिबात आवडायची नाही आणि हे त्या दर वेळी तोंडावर सांगायच्या. तरी डबा धुऊन परत यायचा आणि त्यात संत्री असायची.

दोन हजार एकच्या सप्टेंबरात ओलावी मोडकांच्या घरी आला. येण्याआधी फोन करून विचारलं, येऊ का. सोफ्यावर बसला, चहा प्यायला, दुसरा कप प्यायला. मग म्हणाला, "तुमचा मुलगा चांगला आहे."

"अभ्यासात?" अभयने विचारलं.

"गोलात."

अभय हसला, पण ओलावी हसला नाही. त्याने सांगितलं, माझ्या गावाला, लुमिकोस्कीला, एक क्लब आहे. छोटं गाव, खालच्या डिव्हिजनमधला क्लब. पण तिथे खेळाडूंना पगार मिळतो. लष्करातली दोन अडीच वर्षं संपली की त्याला तिकडे पाठवा. माझी बहीण मार्या तिथे राहते, तिच्याकडे खोली आहे. घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर हिवाळा बघून परत येईल.

ओलावी गेल्यावर सुलेखाने कप उचलले. यशोधनला युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला जागा मिळणार हे जवळजवळ नक्की होतं. अभयने आयुष्यभर जहाजांच्या वेळा जुळवल्या होत्या. कुठलीही गोष्ट कधी सुटणार आणि कधी पोचणार हे ठरल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नसायची. ही गोष्ट कुठल्या धक्क्याला लागणार, हे त्याला दिसेना.

त्या रविवारी तो पहिल्यांदा सकाळी साडेसहाला मुलाबरोबर निघाला. क्लेमेंटीहून जुरोंग एकच स्टेशन. एमआरटीच्या गाडीत बॅग दोघांच्या मध्ये. अभय काचेमागे उभा राहिला, अंगात पातळ शर्ट, थंडीने दात वाजायला लागले तरी दीड तास तिथून हलला नाही. मोठी माणसं, परदेशी कंपन्यांमधले दांडगे कॅनेडियन आणि स्वीडिश, त्याच्या मुलावर पूर्ण ताकदीने चकत्या मारत होते. एक मुखवट्यावर बसली, त्याचा आवाज काचेपलीकडे ऐकू आला.

परत येताना त्याने विचारलं, "लागतं का रे?"

"हो, बाबा."

"मग काय करतोस?"

"उठायचं, लाह. नेक्स्ट वन इज कमिंग."

घरी आल्यावर अभय सुलेखाला म्हणाला, "मी त्याला घाबरलेलं बघायला गेलो होतो. म्हणजे नाही म्हणायला सोपं गेलं असतं." तो शर्टाच्या बाह्या खाली करत होता, अजून अंगातली थंडी गेली नव्हती. "तो तिथे असतो तेव्हा आपल्यापेक्षा मोठा दिसतो गं."

मग लष्कर. तिथल्या प्रत्येक मुलाला अठराव्या वर्षी जावंच लागतं. यशोधन डिसेंबरात गेला, डोकं भादरून घेतलं, आणि पहिले तीन महिने त्याला बर्फ दिसला नाही. सुलेखाला त्याची काळजी वाटायची ती बंदुकीची नाही, तर पाय विसरतील याची. गोलकीपरचे पाय महिनाभरात विसरतात, असं ओलावीने कधीतरी सांगितलं होतं. पुढे त्याला एका छावणीत साठ्याच्या कोठारावर नेमलं. तिथे रोस्ली नावाचे वॉरंट ऑफिसर होते, सगळी मुलं त्यांना नुसतं एन्सिक, म्हणजे मलय भाषेत साहेब, म्हणत. यशोधनने धीर करून त्यांना विचारलं, रविवारी सकाळची पहाऱ्याची ड्युटी मला नको मिळू दे, असं होईल का.

"का? चर्चला जातोस?"

"नाही एन्सिक. आइस हॉकी."

एन्सिक खुर्चीत मागे रेलले. "मोडक, मी एकोणीस वर्षं ड्युटी टाळायची कारणं ऐकतोय. आजी वारली, मांजर वारलं. हे नवीन आहे."

यशोधनने मुखवटा घातलेला फोटो दाखवला. एन्सिकनी तो बराच वेळ बघितला. मग सौदा ठरला. सगळ्या सणासुदीच्या दिवशीचा पहारा यशोधनने करायचा, त्याबदली रविवारची सकाळ त्याची. त्यामुळे अडीच वर्षांत यशोधनला दोन दिवाळ्या, चिनी नववर्ष, नाताळ, एकही सण घरी मिळाला नाही. छावणीतली चिनी मुलं त्याच्यावर इतकी खूष होती की नववर्षाला त्याच्यासाठी डबे भरभरून आणायची. दिवाळीला सुलेखाने छावणीच्या फाटकावर चकल्यांचा डबा पोचवला. परत आलेल्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी होती, एन्सिकच्या अक्षरात, "मोडकला चार मिळाल्या. बाकीच्या मी जप्त केल्या. धन्यवाद."

सुलेखाने ती चिठ्ठी देवघराच्या खणात ठेवली. अभय हसला तर म्हणाली, "हसू नका. ज्याने माझ्या मुलाची रविवारची सकाळ सांभाळली, त्याची आहे ती."

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये यशोधन लुमिकोस्कीला गेला. युनिव्हर्सिटीने त्याची जागा एक वर्ष राखून ठेवायचं कबूल केलं होतं, त्यामुळे निरोप घेताना सगळे एक वर्षाचाच हिशोब धरून बोलत होते. चांगीला गोह आंटी आल्या नाहीत, त्यांना विमानतळ आवडत नाही म्हणाल्या. पण त्यांनी स्वतः पॅड वाळवून, पुसून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिले होते.

लुमिकोस्कीत क्लबकडे आधीच दोन गोलकीपर होते. यशोधन तिसरा. तिसऱ्याने सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरायच्या. पगार नाही. सकाळी तो मार्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी धुवायला जायचा. मार्या तिथे आचारी होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, इंग्रजी मोजून तीसेक शब्दांचं.

आणि मग एक गोष्ट घडली, जिची सुलेखाने कल्पनाच केली नव्हती. यशोधन फोनवर मराठी बोलायला लागला. क्लेमेंटीत असताना "आई, व्हॉट्स फॉर डिनर" असं विचारणारा पोरगा तिकडून विचारायचा, "आई, वरणाला फोडणी आधी घालायची का नंतर?" दिवसभर कानावर ती अनोळखी भाषा पडायची, रात्री आईशी बोलताना तो शब्द शोधत, चुकत, पण मराठीतच बोलायचा. 'काळोख' हा शब्द त्याला माहीत नव्हता, तो तिकडच्या नोव्हेंबरात शिकला. दुपारी तीनलाच होतो, म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात पहिला गोलकीपर मांडीचा स्नायू दुखावून बसला, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा तापाने पडला. शनिवारी दुपारचा सामना होता, म्हणजे सिंगापूरला जेवणं झाल्यावरची वेळ. क्लब आपल्या सामन्यांचं वर्णन इंटरनेटवर रेडिओसारखं ऐकवायचा. अभयने कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला. दोघं खुर्च्या ओढून बसले. निवेदक जे काही बोलत होता त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि मग त्या भाषेच्या लोंढ्यातून एक शब्द स्पष्ट वर आला.

"मोदाक!"

अभयने सुलेखाकडे बघितलं.

"मोदाक, मोदाक!" निवेदक पुन्हा ओरडला.

"सुलेखा," अभय म्हणाला, "हा माणूस आपल्या पोराला नैवेद्याच्या ताटात घालतोय." आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुलेखाही हसत होती, पण तिने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. त्या रात्री त्यांनी तो शब्द एकतीस वेळा ऐकला. सामना क्लब सहा-दोन असा हरला. यशोधनने फोन केला तेव्हा तो इतका आनंदात होता की आधी त्यांना वाटलं, जिंकले.

"सहा गोल झाले रे," अभय म्हणाला.

"बाबा, एक्केचाळीस शॉट आले. पस्तीस अडवले."

त्यानंतर त्याने अकरा सामने खेळले. जानेवारीत एकदा मात्र आठ दिवस त्याचा फोन आला नाही. सुलेखाने केला तर मार्याने उचलला आणि म्हणाली, "स्लीपिंग, स्लीपिंग," आणि ठेवला. नवव्या दिवशी मार्याचं पाकीट आलं. आत लोकरीचे हाताने विणलेले मोजे आणि शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं पत्र. तुमच्या मुलाच्या डोक्याला मार लागला होता. त्याने तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. मी कबूल केलं, पण मी पण आई आहे. डॉक्टर रोज येतात, खोलीत अंधार ठेवला आहे, मी त्याला सूप देते, तो उठून बसतो आणि उद्या खेळायला जातो म्हणतो, मी दाराला कुलूप लावते. काळजी करू नका. मोजे तुमच्यासाठी आहेत, तुमच्याकडे थंडी नसते हे मला मुलाने नंतर सांगितलं.

सुलेखाने पत्र दोनदा वाचलं. रागवावं कोणावर, हे तिला कळेना. मग ती मोजे घेऊन दवाखान्यात गेली. तिथला एसी नेहमी फार थंड असायचा. टेबलाखाली चपला काढून तिने ते मोजे घातले आणि दिवसभर पेशंटांची नावं लिहून घेत बसली. पुढे कितीतरी वर्षं तिने कामावर तेच घातले. उलट टपाली तिने मार्याला सांगलीची हळद पाठवली, दुधातून द्या म्हणून. मार्याने ती माशाच्या सूपमध्ये घातली आणि शाळेतल्या दोनशे मुलांना वाढली.

त्या वसंतात करार आला. दोन पानं, एक फिनिश, एक इंग्रजी. खेळाडूचं नाव, पद, मुदत दोन मोसम. पगार बेताचाच होता, सकाळची भांडी चालूच राहणार होती. पण त्यात 'व्यावसायिक खेळाडू' असा शब्द होता आणि खाली क्लबचा शिक्का. यशोधनने प्रत फॅक्सने बाबांच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात पाठवली, कारण युनिव्हर्सिटीची जागा आता सोडावी लागणार होती आणि तो ते बाबांना न विचारता करणार नव्हता.

अभय जेवायच्या सुट्टीत बाहेर पडला आणि फेरी टर्मिनलच्या कडेला बाकावर बसला. समोर बोटी जात येत होत्या. तासाभराने त्याने सुलेखाला दवाखान्यात फोन केला.

"मी युनिव्हर्सिटीला पत्र लिहिलंय. जागा सोडतोय म्हणून."

"तुम्हीच लिहिलंत?"

"त्याला लिहायला लावलं तर त्याला वाटेल आपण नाराज आहोत. म्हणून मीच लिहिलं."

पुढचे दोन मोसम सुलेखाला सामन्यांचं वेळापत्रक पाठ झालं. स्वतःच्या गावात सामना असला की गर्दी ओरडली म्हणजे चांगलं, बाहेरगावी असला की गर्दी गप्प झाली म्हणजे चांगलं, एवढी भाषा तिला पुरायची. गोह आंटीही येऊन बसायला लागल्या. त्यांना तर इंग्रजीही बेताचंच. पण "मोदाक" ऐकू आलं की त्या मान हलवायच्या, जणू बाजारात योग्य भावाने मासळी मिळाली.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीचा शेवटचा सामना झाला. परक्या गावात. सुरू झाला तेव्हा सिंगापूरला रात्रीचे आठ वाजले होते. तिन्ही पाळ्या संपल्या, बरोबरी. जादा वेळ संपला, बरोबरी. मग एकेका खेळाडूने मधून एकट्याने चकती घेऊन यायचं आणि समोर फक्त गोलकीपर. प्रत्येकी पाच.

निवेदकाचा आवाज बसला होता. पहिला आला, गर्दी ओरडली. सुलेखाने डोळे मिटले. दुसरा आला, शांतता. "मोदाक." तिसरा, शांतता. चौथ्याला पुन्हा ओरडा. मधे मधे आपलेही मारत होते, पण त्यांचं काय झालं हे शांततेतून आणि ओरड्यातून नीट वेगळं करता येईना. आता पाचवा. निवेदक हळू बोलायला लागला, जवळजवळ कुजबुजत. आणि कॉम्प्युटर गप्प झाला. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरायला लागलं.

अभयने वायर काढून घातली. पुन्हा काढली, घातली. वर्तुळ फिरतच राहिलं.

"विन ऑर लूज?" गोह आंटींनी विचारलं.

"आय डोन्ट नो, आंटी."

"हाऊ कॅन डोन्ट नो!"

वीस मिनिटं तिघं त्या वर्तुळाकडे बघत बसली. शेवटी फोन वाजला. सुलेखाने उचलला. पलीकडे भयंकर गोंगाट, आणि त्यातून मार्याचा आवाज.

"युअर बॉय," मार्या म्हणाली, मग शब्द शोधत थांबली. "युअर बॉय इज क्राइंग."

"लूज?" सुलेखाने विचारलं.

"नो, नो," मार्या घाईने म्हणाली. "गुड क्राइंग! व्हेरी गुड क्राइंग!"

सुलेखाने रिसीव्हर छातीशी धरला आणि जिंकले म्हणून मान डोलावली. गोह आंटी उठल्या आणि आपल्या घरात गेल्या. आता या कुठे चालल्या, असं अभयला वाटलं. दोन मिनिटांनी त्या धुवून ठेवलेली संत्री एका थाळीत घेऊन आल्या आणि तिघांनी ती तिथेच सोलून खाल्ली.

यशोधनने पाचवा फटका डाव्या पायाच्या टोकाने अडवला होता. हे त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि त्यासाठी दोन्ही पाय इतके फाकवावे लागले की रात्रभर खुबा दुखत होता, हेही सांगितलं. ते सुलेखाने तेव्हा सहज ऐकलं.

वरच्या डिव्हिजनमध्ये तो जेमतेम एक मोसम खेळला. खुब्याचं दुखणं आधी सामन्यानंतर यायचं, मग सामन्यात, मग भांडी धुताना. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया केलीत तर चालाल, पळाल, पण गोलात खाली पडून उठायचं आता विसरा. क्लबने त्याच्यासाठी छोटासा समारंभ केला. चार मोसम, एकूण चौऱ्याहत्तर सामने. मार्याने त्याच्या बॅगेत शाळेतल्या मुलांनी काढलेली चित्रं घातली. त्यांत प्रत्येकात एक तपकिरी माणूस जाळीसमोर उभा होता.

तो पंचवीस वर्षांचा होऊन परत आला. चांगीला ट्रॉली ढकलत हळू चालत आला तेव्हा सुलेखाला तो तिच्या म्हाताऱ्या वडिलांसारखा दिसला. शस्त्रक्रिया नीट झाली. पण पुढचे दोन महिने तो खिडकीजवळ बसून असायचा. मित्र नोकऱ्यांत स्थिरावलेले, काहींनी पुंगोलला नवे फ्लॅट घेतलेले. अभय संध्याकाळी येऊन त्याच्याशेजारी बसायचा, दोघं क्रिकेट बघायचे.

खुब्याच्या व्यायामासाठी त्याला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात जावं लागायचं, सुलेखा सोबत जायची. तिथली फिजिओथेरपिस्ट अनुया ही मराठी मुलगी होती, ठाण्याहून आलेली. तिने त्याला पहिल्याच दिवशी एका पायावर उभं केलं आणि थक्क झाली. "तुमच्या घोट्यांना एवढा तोल कुठून आला?" यशोधनने सांगितलं. ती हसली नाही. तिने बाकीच्या पेशंटांना थांबवून ठेवलं आणि त्याला विचारत राहिली, पडताना वजन कुठल्या गुडघ्यावर घेता, उठताना आधी काय हलतं. तो उत्तरं देत गेला. घरी येताना बसमध्ये त्याने आईला सांगितलं, "आई, मला हे सगळं माहीत आहे. शरीर कसं पडतं आणि कसं उठतं. मला हेच शिकायचंय."

दोन हजार नऊमध्ये पंचविशी ओलांडलेला यशोधन पॉलिटेक्निकच्या फिजिओथेरपीच्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर जाऊन बसला. ती पोरं त्याला 'अंकल' म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात ॲडमिशनची राहिलेली कागदपत्रं देऊन येताना सुलेखा त्याच्याबरोबर होती. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये दोघं जेवायला बसली. तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी विचारलंच.

"वाईट वाटतं का रे? एवढं केलंस आणि चारच वर्षं."

यशोधनने चमचा ठेवला. तो आता आईशी मराठीतच बोलायचा, ती सवय तिकडून घेऊन आला होता.

"आई, मी कुठून आलो बघ ना. इथे बर्फ नाही. कोणालाच हा खेळ माहीत नाही. तरी मला रविवारची सकाळ मिळाली, खोली मिळाली, सूप मिळालं. बाबांनी पत्र लिहिलं." तो शब्द जुळवत होता. "चौऱ्याहत्तर वेळा कोणीतरी मला म्हणालं, आज तू उभा राहा. यातलं काहीच माझ्या हक्काचं नव्हतं. मला तर ते सगळं जास्तीचं मिळालं असं वाटतं."

सुलेखाने समोरच्या वाटीतला भात त्याच्या ताटात सरकवला.

"आई, मी आता खेळत नाही. एवढा नाही जात."

"खा," ती म्हणाली. "दुपारी तुझा वर्ग आहे."